कंपू: टोळी नव्हे, आणि ‘क्लिक’ तर नव्हेच

प्रश्न असा आला आहे: अमेरिकी हायस्कुलांवरच्या काळ्या विनोदाच्या चित्रपटांवर, म्हणजे ‘हेदर्स’, ‘जॉब्रेकर’, ‘मीन गर्ल्स’ वगैरेंवर, एका वाचकाला मराठीत लेख लिहायचा आहे. त्यातल्या ‘क्लीक’ला (clique, शाळेतला आपल्यातच राहणारा बंदिस्त गट) ‘टोळी’ म्हटलं तर चालेल का? ‘पॉप्युलर’ला ‘लोकप्रिय’ बरोबर आहे ना? आणि ‘कंपू’ हा इंग्रजी ‘कँप’चा अपभ्रंश, शिवाय जरा उनाड, तेव्हा लेखात शोभणार नाही असं त्यांना कुणी जाणकारानं सांगितलंय, ते खरं का?

खरं नाही. पण त्याआधी एक काम उरकून घेतो. कृपा करून ‘मुलींचा क्लिक’ असं लिहू नका. चित्रपटांच्या परिचयात हल्ली हे सर्रास दिसतं आणि वाचणाऱ्याला संगणकाचा माउस आठवतो. ‘क्लीक’ मूळचा फ्रेंच, आणि फ्रेंचमध्ये त्याचा जुना अर्थ खटका, खटकन होणारा आवाज, दाराची कडी असाही होता, त्यामुळे माउसचा क्लिक आणि हा क्लीक एकाच आवाजातून निघालेत हे खरंच. पण म्हणून मराठीत लिहिताना दोघांची सरमिसळ करायचं कारण नाही. फ्रेंचांचं फ्रेंचांनी बघावं.

आता ‘टोळी’. टोळीला म्होरक्या लागतो आणि म्होरक्या पडला की टोळी पांगते. ‘टोळकं’ नाक्यावर असतं, त्यात कुणीही येऊन उभं राहतं. ‘कोंडाळं’ कुणाच्या तरी भोवती जमतं आणि तो उठला की मोडतं. ‘गट’ वर्गातल्या बाई पाडतात, प्रकल्पासाठी. ‘मित्रमंडळ’ गणपती बसवतं. यातलं काहीही ‘हेदर्स’मधल्या त्या चौघींना लागू पडत नाही. मायकेल लेमनच्या या चित्रपटात (अमेरिकेत तो १९८९ साली लागला) हेदर चँडलर ही मुख्य मुलगी नळ साफ करायचं द्रावण पिऊन मरते, म्हणजे मारली जाते. मग काय होतं? पांगापांग होते? मुळीच नाही. तिच्या केसांतला लाल रबरबँड हेदर ड्यूक उचलते, आपल्या केसांत अडकवते आणि कारभार पुढे चालू. ‘जॉब्रेकर’मध्ये (१९९९) वाढदिवसाच्या थट्टेत तोंडात कोंबलेली कडक गोळी घशात अडकून चौघींतली एक जाते, आणि ते पाहिलेल्या एका दुर्लक्षित मुलीचं तोंड बंद ठेवायला बाकीच्या तिलाच नटवून आपल्यात घेतात. जागा रिकामी झाली, भरती झाली. टोळीत भरती नसते हो. भरती फौजेत असते.

म्हणून शब्द ‘कंपू’च. आणि तो फौजेतलाच आहे.

सव्हॉयमधल्या शाँबेरीचा बनुआ द बॉयन १७८४ साली महादजी शिंद्यांच्या चाकरीत आला. त्यानं युरोपीय पद्धतीनं शिकवलेल्या पायदळ पलटणी उभ्या केल्या: एकसारखा पोशाख, वेळेवर पगार, हुकमासरशी गोळीबार. १७९० मध्ये पाटण आणि मेडता इथं या पलटणींनी राजपुतांचा धुव्वा उडवला आणि महादजींनी त्यांची संख्या वाढवली. तोफा आणि पायदळ यांच्या अशा एकेका स्वयंपूर्ण ब्रिगेडीला म्हणत ‘कंपू’. होळकरांनीही मग आपले कंपू उभे केले. ग्वाल्हेरला लष्कर भागात आजही कंपू नावाचा मोहल्ला आहे. तिथल्या मराठी घरांत विचारा, पत्ता सांगताना तो शब्द कुणाला उनाड वाटत नाही.

आता व्युत्पत्ती, कारण खरं दुखणं तिथं आहे. ‘कंपू म्हणजे कँपचा अपभ्रंश’ हे वाक्य एकानं लिहिलं आणि दहा जणांनी उतरवून घेतलं. यूल आणि बर्नेल यांच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या अँग्लो-इंडियन शब्दकोशात (१८८६) इंग्रजी ‘कँप’ दिलाय हे खरं, पण त्याच दमात त्यांनी म्हटलंय की अधिक नेमकेपणानं बोलायचं तर हा पोर्तुगीज ‘काम्पो’. आमच्या जाणकारांनी अर्धं वाक्य वाचून पुस्तक मिटलेलं दिसतं. मी तर म्हणतो त्या ‘अधिक नेमकेपणानं’चीही गरज नव्हती. कानांनी ऐका: पोर्तुगीजात शब्दाच्या शेवटचा आघात नसलेला ‘ओ’ हा ‘उ’सारखा उच्चारतात. लिहितात ‘काम्पो’, बोलतात ‘कांपु’. ‘ताबाको’चं बोलताना ‘ताबाकु’ होतं आणि आपल्याकडे ‘तंबाखू’ (वाटेत फारसीनं हात लावला असेल, पण शेवटचा ऊ शाबूत आहे). कंपूचा दीर्घ ऊ तिथूनच आला. इंग्रजीत ‘कँप’ला ऊ आणणार कुठून?

पुरावा हवा असेल तर पुण्यातच आहे. पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी शहराच्या पूर्वेला छावणी टाकली. पुणेकरांनी तिला ‘कँप’ म्हटलं आणि आजही ‘कँपात जाऊन येतो’ म्हणतात. दोनशे वर्षं झाली, त्या कँपला ऊ फुटलेला नाही. म्हणजे तोच शब्द मराठीत दोन दारांनी आला: एकदा फिरंग्यांकडून, एकदा साहेबाकडून. यावर कुणी म्हणेल, द बॉयनच्या हाताखाली इंग्रज आणि स्कॉट अधिकारी होतेच की. होते ना. पण हिंदुस्थानी फौजांत पोर्तुगीज आणि पोर्तुगीज वंशाचे गोलंदाज, म्हणजे तोफा डागणारे, त्यांच्या कितीतरी आधीपासून होते, आणि छावणीची भाषा साहेबाच्या तंबूत घडत नाही, तोफेच्या गाड्याशी घडते.

(‘ज्यांना पाहून कंप सुटतो तो कंपू’ ही तिसरी व्युत्पत्तीही माझ्यापर्यंत आली आहे. ती इथंच सोडून देतो.)

आणि आता ज्यासाठी मी हे उत्तर लिहायला बसलो ते. ‘काम्पो’चं मूळ लॅटिन ‘काम्पुस’, म्हणजे मैदान. अठराव्या शतकात अमेरिकेत प्रिन्स्टनच्या कॉलेजाभोवतीच्या मैदानाला लोक हाच लॅटिन शब्द वापरू लागले आणि त्याचा झाला ‘कँपस’. म्हणजे कँपस आणि कंपू हे एकाच पोटचे! ‘कँपसवरचा कंपू’ म्हणताना तुम्ही एकच शब्द दोनदा उच्चारता, एकदा अमेरिकेकडून आलेला आणि एकदा गोव्याकडून. रोममधल्या सर्वांत प्रसिद्ध काम्पुसचं नाव मंगळाच्या, म्हणजे युद्धदेव मार्सच्या नावावर. तिथं तरुण कवायत करत आणि तिथंच नागरिक मतदानाला जमत. कवायत आणि निवडणूक एकाच मैदानावर. हायस्कुलाचं याहून नेमकं वर्णन अमेरिकेतल्या कुठल्या पटकथाकारानं केलंय ते मला दाखवा.

‘कवायत’वरून आठवलं. हा अरबी ‘कवाइद’, ‘कायदा’चं अनेकवचन. कवायत म्हणजे मुळात कायदेच. ‘मीन गर्ल्स’ (२००४) पाहिलेल्यांना रेजिना जॉर्जच्या कंपूचे कायदे पाठ असतील: बुधवारी गुलाबी कपडे, पोनीटेल आठवड्यातून एकदाच, वगैरे. आणि हे कायदे कप्तानालाही सोडत नाहीत. सोमवारी ढगळ पँट घालून आल्याबद्दल खुद्द रेजिनाला तिच्याच टेबलावरून उठवतात. टोळीच्या म्होरक्याला कुणी असं उठवेल? कंपूत उठवतात, कारण कंपू माणसावर उभा नसतो, शिस्तीवर उभा असतो. द बॉयन १७९५ च्या अखेरीस चाकरी सोडून गेला, त्याच्या जागी पेराँ आला, कंपू तेच राहिले. १८०३ मध्ये इंग्रजांशी युद्ध जुंपताच पेराँही त्यांच्याच आश्रयाला गेला; दिल्लीच्या लढाईत कंपूच्या पुढे बुर्कें नावाचा तिसराच होता. लाल रबरबँड या केसांतून त्या केसांत.

‘रेजिना’ या नावावर मात्र मराठी परिचयकार काहीच लिहीत नाहीत. लॅटिन ‘रेगिना’ म्हणजे राणी, आणि संस्कृत ‘राज्ञी’ तिची सख्खी नातेवाईक. त्या राज्ञीचीच प्राकृतातून आपली ‘राणी’ झाली. उलट ‘चँडलर’ आणि ‘चांडाळ’ यांचा संबंध लावणारा एक लेख मला दाखवण्यात आला, चित्रपटात चौघी आहेत म्हणून ‘चांडाळचौकडी’ असं त्याचं शीर्षक होतं. चँडलर म्हणजे मेणबत्त्या करणारा. मूळ लॅटिन ‘कांदेला’, त्याच्या मागे ‘चकाकणे’ या अर्थाचा धातू, आणि तोच आपल्या ‘चंद्र’मध्ये आहे. म्हणजे हेदर बाईंचं आडनाव चंद्राच्या घरचं निघालं! आणि एरवीही तो शब्द वापरू नका असंच मी म्हणेन. स्मृतिकारांनी माणसांच्या एका समूहाला गावाबाहेर ठेवायला जे नाव वापरलं, ते श्रीमंत पोरींच्या खोड्यांना द्यायची काही गरज नाही. ‘दुष्ट चतुष्टय’ म्हणा हवं तर. दुर्योधनाच्या कंपूला ते शोभतंच.

‘कंपू म्हणजे कंपनीचा लघुरूप’ असाही एक दावा आहे. चूक. पण ‘कंपनी’ची कथा इथं भलतीच चपखल बसते म्हणून सांगतो. लॅटिन ‘पानिस’ म्हणजे पाव. कंपनी म्हणजे एकत्र पाव खाणारे. (आपला ‘पाव’ही त्याच पानिसचा, पोर्तुगीज मार्गानं.) या सगळ्या चित्रपटांत मोठं रण कुठं पेटतं? जेवणाच्या दालनात. ‘मीन गर्ल्स’मध्ये तर नव्या मुलीला सुरुवातीलाच कुठल्या टेबलावर कोण बसतं याचा नकाशा काढून देतात. हे मराठी माणसाला समजावून सांगायची गरज नसावी. आपल्याकडे यासाठी अख्खी परिभाषा तयार आहे: पंगत, पंक्तिभेद, पंक्तिप्रपंच आणि ज्याला पंगतीत बसूच द्यायचं नाही तो ‘अपांक्तेय’. ‘आउटकास्ट’ला ‘बहिष्कृत’, ‘वाळीत टाकलेला’ असे मोठमोठे शब्द योजणारे अनुवादक पाहिले की वाटतं, यांच्या घरी कधी पंगत बसली नाही का? जेवणाच्या टेबलावरून उठवलेली मुलगी अपांक्तेय. शब्द संस्कृत आहे, जुना आहे, क्रूर आहे आणि अक्षरशः बरोबर आहे.

‘लोकप्रिय’ राहिलं. नाही चालणार. रेजिना लोकांना प्रिय नाही, लोक तिला टरकून असतात. किशोरवयीन मुलांचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञही हा फरक करतात: वर्गात ‘पॉप्युलर कोण’ विचारलं तर मुलं एक नाव सांगतात आणि ‘तुला कोण आवडतं’ विचारलं तर पुष्कळदा दुसरंच. खरा लोकप्रिय मुलगा पाहायचा तर अलेक्झांडर पेनच्या ‘इलेक्शन’मध्ये (१९९९) आहे. ओमाहातल्या हायस्कुलातला पॉल मेट्झलर. मोडक्या पायाचा फुटबॉलपटू, सरळ, जरा बावळट, सगळ्यांना आवडणारा. स्वतः उमेदवार असून आपल्यालाच मत देणं बरं दिसत नाही म्हणून प्रतिस्पर्धी ट्रेसी फ्लिकला मत देतो. (आणि मतमोजणीत शिक्षकच दोन मतपत्रिका कचऱ्यात टाकतो, मार्सच्या मैदानावर असलं काही झालं असतं तर नागरिकांनी सोडलं नसतं.) पॉल लोकप्रिय. रेजिनाची ‘वट’ आहे. हेदर चँडलरची ‘चलती’ आहे. त्यांच्यामागे धावणाऱ्या मुलींना ‘भाव मिळवायचाय’. इतके शब्द हाताशी असताना वृत्तपत्री ‘लोकप्रिय’ कशाला?

‘डार्क कॉमेडी’बद्दल विचारलेलं नाही, पण लेखात येईलच, तेव्हा ‘गडद विनोदी’ लिहू नका, ते रंगाच्या डब्यावर शोभतं. ‘कृष्णविनोद’ लिहिलंत तर अर्धे वाचक लोणीचोरीची वाट पाहतील. आंद्रे ब्रतों या लेखकानं फ्रेंचमध्ये ‘काळा विनोद’ असाच साधा शब्द रुळवला, तुम्हीही तोच वापरा.

नवा शब्द घडवायचा मोह मात्र टाळा. ‘मीन गर्ल्स’मध्ये रेजिनाच्या कंपूतली ग्रेचेन आपला एक शब्द शाळेत चालावा म्हणून चित्रपटभर धडपडते आणि शेवटी रेजिनाच तिला गप्प करते. ‘हेदर्स’चा लेखक डॅनिएल वॉटर्सनं मात्र उलटं केलं: खरी बोली लवकर शिळी होते म्हणून मुलांची बोली बरीचशी स्वतःच रचली, आणि ती चालली. (गंमत म्हणजे ‘मीन गर्ल्स’चा दिग्दर्शक मार्क वॉटर्स हा त्याचाच भाऊ. शब्द रुजण्याची नि न रुजण्याची कथा एकाच घरातली.) आपल्याला तोही खटाटोप नको. शब्द शिंद्यांच्या छावणीपासून आपल्याकडे आहेच.

वापराचं एवढंच: ‘कंपू’ पुल्लिंगी, लाडूसारखा, अनेकवचनीही ‘कंपू’च. कंपूत, कंपूला, कंपूतली मुलगी. ‘कंपूवाली’ नको, ‘कंपूमेंबर’ तर मुळीच नको. वृत्तीला ‘कंपूबाजी’ आधीपासून आहे. पेराँच्या मोडक्या फौजेबद्दल लिहाल तेव्हाही तोच शब्द, तसाच.