प्राथमिक शाळेत शारीरिक शिक्षण आणि भूगोल एकत्र कसे शिकवता येतील?

सुरुवात मैदानाच्या नकाशापासून करा. तिसरी-चौथीच्या मुलांना मैदान पावलांनी मोजायला लावा. आधी २० मीटरची रेघ आखून तेवढ्यात आपली पावलं किती पडतात ते प्रत्येकाने मोजायचं. मग १ सेंमी म्हणजे ५ मीटर या प्रमाणात चौकटीच्या कागदावर नकाशा काढायचा. ५० मीटरची बाजू कागदावर १० सेंमी होते हे चालून कळलं की 'प्रमाण' पाठ करावं लागत नाही. दोन गटांचे नकाशे जुळले नाहीत तर उत्तमच! भांडू द्या, पुन्हा मोजू द्या.

पुढची पायरी ओरिएंटिअरिंगची, म्हणजे नकाशा बघत ठरलेल्या खुणा शोधत पळायचं. इथे एकच सवय लावा: आपण वळलो की हातातला नकाशा फिरवायचा, त्यावरची उत्तर खऱ्या उत्तरेकडेच राहिली पाहिजे.

पहिली-दुसरीला दिशांची पळापळ पुरे, म्हणजे दिशेचं नाव पुकारलं की तिकडे पळायचं. फक्त 'सूर्य उगवतो ती पूर्व' एवढ्यावर थांबू नका. तो नेमका पूर्वेला विषुवदिनांच्या, म्हणजे दिवस-रात्र जवळपास सारखे असतात त्या दिवसांच्या, सुमारासच उगवतो. सोबत होकायंत्र ठेवा.

धावता धावता राजधान्यांची नावं ओरडायला लावणं मला तरी पटत नाही. त्यात धड व्यायाम होत नाही, आणि भूगोल तर नाहीच.