नस शिवली, तरी बोटे बधिर का?

प्रश्न : काच लागून मनगटापाशी नस कापली गेली आणि त्याच दिवशी ती शिवण्यात आली. तीन महिने झाले, तरी अंगठा आणि शेजारची दोन बोटे बधिरच आहेत. टाके नीट बसले नसतील का?

उत्तर : तीन महिन्यांत बोटांना स्पर्श कळत नाही, एवढ्यावरून टाके चुकले असे म्हणता येणार नाही. नसेतील, म्हणजे मज्जातंतूतील, प्रत्येक धागा म्हणजे पाठीच्या कण्यात किंवा त्याला लागून असलेल्या एका पेशीची लांबलचक शेपटी असते आणि ती कापली गेली की पेशीपासून तुटलेला पुढचा सगळा भाग मरतो. ऑगस्टस वॉलर यांनी १८५० मध्ये बेडकाच्या जिभेकडे जाणाऱ्या नसा कापून हे दाखवून दिले. शस्त्रक्रियेत शिवले जाते ते नसेचे आवरण. आतले धागे कापल्या जागेपासून थेट बोटांच्या टोकांपर्यंत नव्याने वाढावे लागतात. त्यांची वाट श्वान पेशी तयार करतात. (या नावाचा कुत्र्याशी काही संबंध नाही, थिओडोर श्वान हे जर्मन शास्त्रज्ञ होते.) या पेशी मेलेल्या भागाचा कचरा साफ करण्यात हातभार लावतात आणि मग रांगेने उभ्या राहून नव्या धाग्याला दिशा दाखवतात.

वाढीचा वेग दिवसाला साधारण एक मिलिमीटर असतो आणि टाके ओलांडण्यातच पहिले काही आठवडे जातात. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंतचे अंतर १८ सेंटिमीटर धरले, तर सहा-सात महिन्यांचा हिशेब सहज होतो. तुमचे धागे आज फार तर तळहाताच्या मध्यावर पोचले असतील. हे तपासण्याची एक साधी रीत आहे. बोटाकडून मनगटाकडे सरकत नसेच्या रेषेवर हलकेच टिचक्या मारत जायचे; ज्या जागी बोटात झिणझिण्या उठतात, तिथवर वाढती टोके आलेली असतात. पहिल्या महायुद्धातील जखमींच्या तपासणीवरून फ्रान्सचे टिनेल आणि जर्मनीचे हॉफमन यांनी १९१५ मध्ये, म्हणजे एकमेकांविरुद्ध लढणाऱ्या देशांतून, हीच खूण स्वतंत्रपणे नोंदवली. ही जागा दर महिन्याला पुढे सरकत असेल तर धीर धरावा. टाक्यांपाशीच अडून राहिली असेल, तर मात्र शल्यचिकित्सकांना लवकर दाखवावे.

प्रश्न : घोट्याजवळच्या जखमेनंतर पायावर चादर टेकली तरी भाजल्यासारखे होते. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांचा उपयोग होत नाही आणि आता चक्क नैराश्यावरची गोळी लिहून दिली आहे. माझे दुखणे मानसिक आहे, असे डॉक्टरांना वाटते का?

उत्तर : नाही. हा गैरसमज इतका पसरलेला आहे की गोळी लिहून देतानाच तो दूर करायला हवा, असे माझे स्पष्ट मत आहे. नेहमीच्या दुखण्यात वेदना ही इजेची वर्दी असते. तुमच्या बाबतीत वर्दी देणारी यंत्रणाच बिघडली आहे. इजा झालेल्या धाग्यांच्या पटलावर सोडियमच्या वाहिन्या, म्हणजे संदेश सुरू करणारी सूक्ष्म दारे, नको तिथे गोळा होतात आणि कोणी हात न लावताही तिथून संदेश सुटू लागतात. त्यांचा मारा सतत चालू राहिला की पाठीच्या कण्यातील पुढच्या पेशी अतिसंवेदनशील होतात. मग कापडाचा स्पर्शही त्या वेदना म्हणूनच पुढे पाठवतात. अमेरिकी यादवी युद्धातील जखमी सैनिकांच्या अशा जळजळीचे तपशीलवार वर्णन सायलस वेअर मिचेल यांनी करून ठेवले आहे.

नेहमीच्या गोळ्या मुख्यतः सूज आणि दाह कमी करतात, म्हणून त्या इथे तोकड्या पडतात. अमिट्रिप्टिलिन आणि ड्युलोक्सेटिन ही औषधे मेंदूकडून खाली येणाऱ्या, वेदनेला लगाम घालणाऱ्या मार्गांना बळ देतात. गॅबापेंटिन आणि प्रीगॅबालिन ही मुळात अपस्माराची औषधे मज्जातंतूंच्या टोकांतून होणारा संदेशांचा मारा कमी करतात. परिणाम दिसायला काही आठवडे लागतात आणि वेदना पुसली जाण्यापेक्षा ती सुसह्य होणे हेच बहुतेकांच्या वाट्याला येते. गोळी स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नये. जखमेवर एकाच जागी बोट टेकताच कळ उठत असेल, तर तिथे वाट चुकलेल्या धाग्यांची गाठ, म्हणजे न्यूरोमा, झाली असण्याची शक्यता असते आणि तिचा उपचार वेगळा असतो.

प्रश्न : दंडाचे हाड मोडल्यापासून भावाचे मनगट लोंबते आहे. नस लगेच उघडून पाहण्याऐवजी डॉक्टर थांबायला सांगतात. हा वेळ वाया जात नाही का?

उत्तर : हाड मोडताना नस बहुधा ताणली किंवा दाबली जाते, तुटत नाही. हर्बर्ट सेडन यांनी १९४३ मध्ये इजेचे तीन प्रकार सांगितले : फक्त संदेशांचे वहन थांबणे, धागे तुटून आवरण शाबूत राहणे आणि सगळेच तुटणे. पहिले दोन प्रकार बहुतेक वेळा आपोआप भरून येतात आणि दंडाच्या मोडीत तेच अधिक आढळतात. नस आणि स्नायूंतील विद्युत संदेश मोजणारी तपासणीही सुमारे तीन आठवड्यांनीच नीट बोलते, कारण तोवर तुटलेला भाग पुरता मेलेला नसतो. मात्र जखम उघडी असेल किंवा धारदार वस्तूने झाली असेल, तर थांबू नये. तीन-चार महिन्यांत काहीच हालचाल दिसली नाही, तरीही थांबू नये.

या मुदतीला कारण आहे. मज्जातंतूविना स्नायू साधारण वर्ष-दीड वर्ष तग धरतो. त्यानंतर धागा पोचला तरी तो स्नायूला फारसा हलवू शकत नाही. म्हणूनच इजा मानेजवळ असेल, तर शल्यचिकित्सक कधी कधी जवळच्या चालू नसेचा एक पदर काढून थेट स्नायूत शिरणाऱ्या नसेला जोडतात. कोपर वाकवण्यासाठी फ्रेंच शल्यचिकित्सक ओबर्लिन यांनी १९९४ मध्ये मांडलेली पद्धत याच हिशेबावर उभी आहे.

प्रश्न : बी-१२ च्या गोळ्यांनी किंवा घरच्या विजेच्या यंत्राने नस लवकर वाढते का?

उत्तर : बी-१२ ची कमतरता असेल तर ती भरून काढलीच पाहिजे, ती नसताना कापलेली नस गोळ्यांमुळे वेगाने वाढते, याला ठोस आधार नाही. विजेच्या प्रवाहाची गोष्ट वेगळी आहे. शस्त्रक्रियेच्या वेळी नसेच्या मुळाकडच्या भागाला तासभर, सेकंदाला २० स्पंदने या गतीने प्रवाह दिला, तर अधिक धागे टाके लवकर ओलांडतात, असे उंदरांवरील प्रयोगांत दिसले आणि माणसांवरील छोट्या चाचण्यांतही आशादायक निष्कर्ष आले आहेत. दिवसाचा मिलिमीटर तेवढाच राहतो. रेंगाळणारे धागे लवकर निघतात, इतकेच. त्वचेवर चिकटवायच्या यंत्राने हे साधत नाही.