आंब्याच्या सावलीत अबोली: उजेड पुरतो, पाणी नडतं

प्रश्न (कोकणातून एका ताईंचा): परसात आंबा-फणस आहेत. सावलीमुळे गुलाब, मोगरा फुलत नाहीत. अबोली फुलेल का? मागे पावसाळ्यात लावलेली रोपं पिवळी पडून वाळली.

उत्तर: ताई, अबोली नक्की लावा. विरळ सावलीत वर्षानुवर्षं फुलणारं हे झुडूप आहे. सकाळचं दोन-तीन तास कोवळं ऊन किंवा पानांतून झिरपणारा उजेड तिला पुरतो. फणसाच्या बुंध्याशी, दाट सावलीत मात्र नको. तिथे पानं छान येतील, तुरे येणार नाहीत.

तुमची रोपं सावलीने गेली असं मला वाटत नाही. पावसाळ्यातली मर बहुतेक वेळा मुळाशी पाणी साचल्याने येते. पुढच्या वेळी वाळतं रोप उपटून बघा. मुळं काळपट, कुजलेली असतील तर बुरशीजन्य मर. झाड खुरटलेलं आणि मुळांवर तपकिरी चट्टे असतील तर सूत्रकृमींचा, म्हणजे मुळं पोखरणाऱ्या डोळ्यांना न दिसणाऱ्या कृमींचा संशय घ्या. अबोलीला त्यांचा त्रास नेहमीचाच. दोन्हींत रोप मुळासकट काढून जाळा, खतखड्ड्यात टाकू नका. त्याच जागी लगेच पुन्हा अबोली नको.

नवी लागवड वीतभर उंच वाफ्यावर करा. माती, चाळलेलं शेणखत आणि थोडी वाळू मिसळा, रोपामागे मूठभर निंबोळी पेंड आणि शेणखतात मुरवलेलं ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी मित्र-बुरशी) घाला. दोन रोपांत फूटभर अंतर पुरे. आंब्याची मुळं वाफ्यात घुसून खत खातात, त्यामुळे झाडाखाली मला तरी मोठ्या कुंड्याच सोयीच्या वाटतात. शेजारचं रोप मरायला लागलं तर कॉपर ऑक्सिक्लोराइड हे बुरशीनाशक लिटरला अडीच ग्रॅम घेऊन बाकीच्यांच्या बुडाशी ओता. मात्र ट्रायकोडर्मा घातल्यावर लगेच हे औषध नको, ट्रायकोडर्माही बुरशीच आहे, तीही मरेल.

‘दिल्ली अबोली’ या जातीचं बी शोधत बसू नका, तिला बी धरतच नाही. जूनच्या सरींनंतर बोटभर लांबीचे, दोन-तीन पेरांचे ना फार कोवळे, ना फार निबर असे फाटे लावा. गावठी अबोली बियांवर येते, पण पिकलेल्या बोंडांना पाणी लागलं की ती तडकतात आणि बी दूर उडतं. म्हणून तुरे तपकिरी झाले की पावसाआधीच खुडून कापडी पिशवीत ठेवा.

तुऱ्यावर फुलं खालून वर उमलत जातात. एक दिवसाआड सकाळी तोडा, वळेसरासाठी ती टिकतातही चांगली. फुलून संपलेला तुरा देठासकट छाटलात तर नवे फुटवे येतात. बी हवं असेल तेवढेच तुरे ठेवा.

प्रश्न (सोलापूरकडून): कुंडीतल्या अबोलीची कोवळी पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्या. कोणतं खत देऊ?

उत्तर: दादा, हे लोह कमी पडल्याचं लक्षण आहे. चुनखडीच्या मातीत लोह असूनही मुळांना मिळत नाही, म्हणून युरिया वाढवून उपयोग नाही. फेरस सल्फेट लिटरला पाच ग्रॅम विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारा, पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा. कुंडीतली माती बदलताना चुनखडीची माती टाळा आणि शेणखत सढळ घाला. आधी पिवळी पडलेली पानं पूर्ण हिरवी होतीलच असं नाही. फवारणीचा गुण नव्या पालवीवर बघा.