मॅन पेज शोधायचंय पण कमांडच आठवत नाही

प्रश्न: कमांडचं नाव माहीत असेल तर मॅन पेज (लिनक्समधलं त्या कमांडचं माहितीपान) उघडतं, पण नावच आठवत नसेल तर काय करायचं? शब्दावरून मॅन पेज शोधणारं 'अप्रोपोज' चालवलं की 'नथिंग अप्रोप्रिएट' एवढंच येतं. आता स्वतःच सगळ्या पानांचा सर्चेबल इंडेक्स बनवावा म्हणतोय. सुरुवात कुठून करू?

उत्तर: आधी 'मॅनडीबी' (अप्रोपोजचा इंडेक्स बनवणारी कमांड) चालवून बघा, रूट म्हणजे ॲडमिन युजर म्हणून. नव्या मशीनवर तो मेसेज आला तर बऱ्याचदा इंडेक्स बनलेलाच नसतो, शोधणाऱ्याचं काही चुकलेलं नसतं. पण तेवढ्याने तुमचं समाधान होणार नाही, कारण अप्रोपोज बघतं फक्त पानाचं नाव आणि 'नेम' खालची ती एक ओळ. फाइली एकत्र बांधणाऱ्या ग्नू टारच्या त्या ओळीत 'ॲन आर्कायव्हिंग युटिलिटी' एवढंच लिहिलंय, म्हणजे तुम्ही कॉम्प्रेस शोधलंत की टार गायब, जरी आतल्या पानात कॉम्प्रेशनचे ढीगभर ऑप्शन असले तरी. (१९७९ च्या युनिक्स मॅन्युअलमधे परम्यूटेड इंडेक्स असायचा, याच ओळीतला एकेक शब्द पुढे आणून लावलेला. कागदावर मस्तच होतं ते.) मॅनला कॅपिटल के हा ऑप्शन दिला तर आतला मजकूरही शोधतं, पण इंडेक्स न वापरता एकेक पान उघडून, त्यामुळे चहा करून या तोवर.

स्वतः बनवायचं तर एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमधलं मजकूर शोधणारं एफटीएस५ पुरे, उगाच सर्च सर्व्हर वगैरे नको. नाव, एक ओळ आणि मजकूर असे तीन कॉलम करा आणि बीएम२५ मधे (निकालांचा क्रम ठरवणारं सूत्र) पहिल्या दोघांना भरपूर वजन द्या, नाहीतर लांबलचक पानं उगाच वर येऊन बसतात. मी पहिल्यांदा केलं तेव्हा 'डायरेक्टरी' शोधून अर्धी पानं सापडेनात, डोकं खाजवलं, मग दिसलं की ओळ संपताना मॅनने शब्द हायफन टाकून तोडलाय, 'डायरेक-' वरच्या ओळीत आणि 'टरी' खालच्या. मॅनला 'नो हायफनेशन' दिलं आणि प्रश्न मिटला.

दुसरी गंमत डॅशची. एफटीएस५ चा नेहमीचा टोकनायझर (मजकूर शब्दांत तोडणारा भाग) डॅश टाकून देतो, म्हणजे 'डॅश आर' हा ऑप्शन शोधला की नुसता 'आर' उरतो. डॅशला अक्षर मानायला सांगता येतं, पण मग 'रीड-ओन्ली' हा एकच शब्द होतो आणि नुसतं 'रीड' शोधून तो मिळत नाही. मी ऑप्शनसाठी वेगळंच टेबल ठेवतो.

प्रश्न: प्रिंटएफ शोधलं की शेलवाली कमांड येते, मला सी वालं फंक्शन हवंय.

उत्तर: सेक्शन द्या, 'मॅन ३ प्रिंटएफ'. १ म्हणजे कमांड, ३ म्हणजे लायब्ररी फंक्शन. आणि वरचा इंडेक्स बनवणार असाल तर टेबलच्या 'की' मधे (प्रत्येक नोंद वेगळी ओळखायची खूण) नाव आणि सेक्शन दोन्ही घ्या, नुसतं नाव घेतलंत तर दुसरं प्रिंटएफ पहिल्यावर चढून बसेल आणि पासवर्ड बदलणाऱ्या पासडब्ल्यूडीचंही तेच होईल, त्याचं १ मधे कमांडचं पान आहे आणि ५ मधे फाइलचं.