लंगोट का गळतो? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

आषाढात बाळंतपणाची तारीख आहे. सासूबाईंनी जुन्या सुती साड्यांची बाळोती शिवून ठेवली आहेत. मैत्रिणी म्हणतात, टिचबटणांचे तयार कापडी डायपर घे. काय घेऊ आणि किती?
— एक वाचक, सिंहगड रस्ता

पहिले सहा-आठ आठवडे सासूबाईंची बाळोतीच वापरा. नवजात बाळ दिवसातून पंधरा-वीस वेळा शू करतं. अडीच-तीन किलोंच्या बाळाच्या मांड्या इतक्या बारीक असतात की फ्री साइज डायपरचं इलॅस्टिक पायाला टेकतच नाही आणि फटीतून सगळं बाहेर येतं. पाकिटावर ३ किलोपासून लिहिलेलं असलं, तरी तो नीट बसायला बाळ साधारण ५ किलोंचं व्हावं लागतं. जुन्या साडीचं कापड मऊ असतं, लवकर वाळतं आणि ओलं झालं की हाताला लगेच कळतं. तीस-पस्तीस बाळोती हाताशी ठेवा.

नाळ पडेपर्यंत बाळोत्याची वरची कड नाळेच्या खाली दुमडा. बांधताना बाळाचे पाय ओढून सरळ करू नका. गुडघे वाकलेले आणि मांड्या बाजूला पडलेल्या, बेडकासारखे पाय राहू द्या. पाय सरळ करून घट्ट गुंडाळले तर खुब्याच्या सांध्याला धोका असतो.

तयार डायपरचे दोन भाग असतात. बाहेरचं कव्हर, म्हणजे पॉलिएस्टर कापडावर पाणी अडवणारा पातळ थर. दुकानात त्याला पीयूएल म्हणतात. आणि आतला इन्सर्ट, म्हणजे शोषणारी पट्टी. पावसाळ्यात कव्हर पंख्याखाली काही तासांत वाळतं, जाड इन्सर्ट मात्र दुसऱ्या दिवशीही शिवणीत ओलसर लागतो. म्हणून कव्हर कमी आणि इन्सर्ट जास्त घ्या: दहा-बारा कव्हरं, चोवीस इन्सर्ट. दोरीवर वाळवायला जागा कमी असेल तर उघडून एकपदरी होणारे, घडीचे सुती चौकोन सगळ्यात बरे. सगळे एकाच कंपनीचे एकदम घेऊ नका. दोन-तीन प्रकार आणून आठ दिवस वापरा, मग ठरवा. सुती इन्सर्ट नवे असताना पाणी नीट ओढत नाहीत, ते चार-पाच वेळा धुवून वाळवल्यावरच वापरायला काढा. मायक्रोफायबरचा, म्हणजे बारीक कृत्रिम धाग्यांचा, इन्सर्ट थेट कातडीला लावू नका, त्वचा कोरडी पडते. काही डायपरना आतून कापडाचा खिसा असतो, तो त्या खिशाच्या आतच ठेवायचा.

आमच्याकडे टँकरचं पाणी येतं. डायपर पहिले दोन महिने उत्तम चालले, आता तासाभरात गळतात. धुतलेल्या डायपरवर बाळाने शू केली की नाकाला झोंबणारा वास येतो. नवे घ्यावे लागतील का?
— उंड्री

नवे घेऊ नका, तेही दोन महिन्यांत असेच होतील.

आधी एक करून बघा. वाळलेल्या इन्सर्टवर चमचाभर पाणी ओता. थेंब मोत्यासारखे वर उभे राहिले तर धाग्यावर काहीतरी चढलंय: रॅशची क्रीम, खोबरेल तेल, फॅब्रिक सॉफ्टनर नाहीतर साबणाचा साका. पाणी लगेच मुरलं तर कापड ठीक आहे आणि दोष बसवण्यात किंवा बदलायच्या वेळेत आहे.

आता पाणी तपासा. बाटलीत अर्धी बाटली नळाचं पाणी घ्या, अंगाच्या साबणाचा थोडा कीस टाका आणि जोरात हलवा. वर फेस आणि खाली बऱ्यापैकी नितळ पाणी असेल तर पाणी मऊ. फेस कमी आणि पाणी दुधाळ, वर पांढरी साय असेल तर पाणी जड. खडकवासल्याचं धरणाचं पाणी त्या मानाने मऊ असतं, बोअरचं जड निघतं आणि टँकर बऱ्याचदा बोअरवर भरलेला असतो. जड पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियम साबणाशी मिळून तो साका धरतात, तो कापडात बसतो आणि मग शू आत शिरत नाही. यात घरोघरी एक चूक होते. आरओच्या फिल्टरचं वाया जाणारं पाणी बादलीत साठवून धुण्याला वापरतात. फरशीला चालेल, पण ते नळाच्या पाण्याहूनही जड असतं. लंगोटांना मुळीच नको.

वासाचं कारण धुलाईत आहे. शूमधल्या युरियाचा जीवाणू अमोनिया करतात. धुतलेल्या कापडात जुनी शू आणि जीवाणू उरले असतील तर नवी शू पडताक्षणी वास सुटतो. बाळाला त्रास नको म्हणून पावडर अगदी चिमूटभर घालायची, ही माया समजते, पण त्यानेच हे होतं. रिठ्याचंही तेच. लोकरीला, रेशमाला रिठा छान, पण शी-शूच्या कापडाला, त्यातही जड पाण्यात, तो पुरत नाही.

धुवायचं असं. रात्रीचा डायपर सकाळी उठल्याबरोबर वाहत्या पाण्याखाली खळखळून घ्या. शी संडासात झटका आणि उरलेली जेटने उडवा. बाळ फक्त अंगावर पीत असेल तर ती शी पाण्यात सहज निघते. मग उघड्या, हवेशीर टोपलीत कोरडे ठेवा आणि दोन दिवसांच्या आत धुवा. बादलीत भिजत ठेवू नका. कापड कुजतं, इलॅस्टिक सैल पडतं, आणि रांगत्या बाळाला अर्धी बादली पाणीसुद्धा जिवावर बेतू शकतं.

मशिनमध्ये आधी गार पाण्यात छोटी फेरी, थोडीच पावडर घालून. नंतर मोठी फेरी, पूर्ण मापाची पावडर आणि जड पाणी असेल तर एक टेबलस्पून धुण्याचा सोडा. खायचा नव्हे. ड्रम साधारण दोन तृतीयांश भरा. फारच रिकामा असेल तर कपडे एकमेकांवर घासत नाहीत. सुती इन्सर्टना ६० अंश चालतं, कव्हरं ४० वरच धुवा. शेवटी एक जादा खळबळणी. सॉफ्टनर बंद. अँटिसेप्टिकचं टोपणही बंद, ते कापडात राहून त्वचेला चावतं.

साठलेला थर काढायला इन्सर्ट तेवढे गरम पाणी, पावडर आणि सोडा यांत चार तास भिजवा आणि पाण्याचा फेस जाईपर्यंत धुवा. या शेवटच्या पाण्याला पावसाचं स्वच्छ धरलेलं पाणी मिळालं तर फारच उत्तम, ते सगळ्यात मऊ. मग चमच्याची चाचणी पुन्हा घ्या.

दिवसा ठीक, रात्री मात्र मांडीपाशी ओलं होतं.
— कोथरूड

मांडीचं इलॅस्टिक मांडीच्या वर नाही, जांघेच्या घडीत बसवा, चड्डीची शिवण येते तिथे. इन्सर्टचा एकही धागा बाहेर डोकावू देऊ नका, त्या वातीने पाणी बाहेर येतं. कमरेला दोन बोटं जातील इतकंच सैल ठेवा. मायक्रोफायबर झटकन ओढतं पण दाबलं की सोडून देतं. कुशीवर वळलेल्या बाळाच्या वजनाने तेच होतं. रात्री खिशात वर मायक्रोफायबर आणि त्याच्या खाली बांबूच्या धाग्याचा किंवा सुती इन्सर्ट अशी जोडी घाला. मुलगा असेल तर जाड घडी पुढे हवी.

रॅश आली. कापडी बंद करू?
— पिंपळे सौदागर

आधी दर दोन तासांनी बदला, पाण्याने धुवून टिपून कोरडं करा आणि दिवसातून काही वेळ बाळाला मोकळं ठेवा. झिंक ऑक्साइडची क्रीम लावायची असेल तर मध्ये पातळ मलमलचा तुकडा घाला, म्हणजे ती डायपरला लागणार नाही. दोन-तीन दिवसांत उतार पडला नाही, जांघेच्या घडीत लालभडक होऊन कडेने बारीक ठिपके उठले, किंवा फोड, पू, ताप आला तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. ठिपक्यांची रॅश बहुधा बुरशीची असते, तिला वेगळं औषध लागतं. बुरशीची ठरली तर बरी होईपर्यंत सुती लंगोट ६० अंशांवर धुऊन कडक उन्हात वाळवा.

पाळणाघरात कापडी घेत नाहीत, तिथे वापरून फेकायचेच द्यावे लागतात. टाकायचे कसे?
— औंध

शी संडासात टाका. डायपर घट्ट गुंडाळून जुन्या वर्तमानपत्रात बांधा, वर लाल ठिपका काढा आणि ओल्या-सुक्या कचऱ्यापासून वेगळा द्या. आपल्याकडे पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताई कचरा हाताने निवडतात. ठिपका दिसला की तो पुडा त्यांना उघडून बघावा लागत नाही. पाळणाघरालाही हे सांगा, आणि वर्तमानपत्राचे दहा-बारा कागद डायपरच्या पिशवीतच देऊन ठेवा.