आधी मुली आल्या

प्रिय मैत्रिणी,

गाईड कंपनी, म्हणजे गर्ल गाईड मुलींचं पथक, हाती घेते आहेस हे वाचून फार आनंद झाला. मुली आपलं ऐकतील का, ही धाकधूक तुझ्या पत्रात ओळीओळीत दिसते. मला काळजी आहे ती त्या फारच ऐकतील याची.

१९०९ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये स्काऊट मुलांचा मेळावा भरला, तेव्हा काही मुली आपणहून तिथे जाऊन उभ्या राहिल्या. आम्हालाही यात घ्या, म्हणाल्या. पुढच्याच वर्षी गर्ल गाईड्स सुरू झालं आणि स्काऊट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांच्या बहिणीने, ॲग्नेस यांनी, त्याची धुरा घेतली. आधी मुली आल्या, मोठ्या बायका मागून. हा क्रम कधी विसरू नकोस.

पेट्रोल पद्धतीचा, म्हणजे छोट्या टोळ्यांनी काम चालवण्याच्या पद्धतीचा, जीव त्यातच आहे. सहा-आठ जणींचा पेट्रोल आणि त्यांच्यातलीच एक लीडर. तंबूचा दोर बांधताना एखादीची क्लोव्ह हिचची गाठ पुन्हा पुन्हा सुटते. टोक दुसऱ्या वेढ्याखालून काढायचं ती विसरते आहे, हे तुला लांबूनच दिसतं. हात शिवशिवतात. तरी पुढे होऊ नकोस. तिची पेट्रोल लीडर शेजारी बसून दोर उलगडेल, जरा उशिराने का होईना. आणि लीडरच चुकली, तर तिला सगळ्यांदेखत सुधारू नकोस, नंतर बाजूला घेऊन बोल. तेरा वर्षांच्या मुलीचा शब्द मैत्रिणींसमोर खाली पडला, की ती पुढे तोंड उघडायला कचरते. चूल, चाकू, पाणी यांच्याजवळ मात्र क्षणभरही थांबायचं नाही. तिथली जबाबदारी सर्वस्वी तुझी.

संमतीपत्रं, हिशेब, प्रथमोपचाराची पेटी, शिबिराला पाठवायला घाबरणाऱ्या आयांची समजूत, हे सगळं रात्री जागून करावं लागतं. त्याबद्दल कोणी शाबासकी देत नाही. दमशील. सहायक लीडर लवकर शोध.

कोर्ट ऑफ ऑनर, म्हणजे पेट्रोल लीडरांची बैठक, मनापासून चालव. कार्यक्रम काय घ्यायचा, पैसे कशावर खर्चायचे, हे पेट्रोल लीडर ठरवतील. तू ऐकायला बस. तुझ्या मते फिका असलेला बेतही त्यांनी ठरवला असेल, तर होऊ दे.

पहिली बैठक कधी ते कळव. विषय मात्र मुलींनाच लिहून आणायला सांग.

तुझी,
ताई