हॅचबॅक, सेडान आणि एसयूव्ही कशी ओळखायची? गोव्यातल्या चोडण बेटावर फेरीबोटीने रोज जायचं तर कुठली बरी?

मागचं दार बघा. काचेसकट वर उचललं जात असेल तर हॅचबॅक किंवा एसयूव्ही. काच जागेवर राहून फक्त डिकी उघडत असेल तर सेडान. (स्कोडाची ऑक्टाव्हिया इथे फसवते: दिसते सेडान, उघडते काचेसकट.) एसयूव्हीच्या नुसत्या उंचीवर जाऊ नका. जीएसटीच्या हिशोबात लांबी ४ मीटरच्या वर, इंजिन १५०० सीसीच्या वर आणि ग्राउंड क्लिअरन्स (गाडीच्या पोटाखालची मोकळी उंची) किमान १७० मिमी लागतो. चार मीटरच्या आतल्या 'एसयूव्ही' म्हणजे बहुतेक उंच हॅचबॅकच.

चोडणच्या फेरीबोटीसाठी अशी उंच हॅचबॅकच घ्या. ओहोटीला रॅम्पचा कोन वाढतो आणि चाकांपुढे लांब नाक असलेल्या सेडानचा बंपर घासतो. सेडानच असेल तर माणसं उतरवून सावकाश चढवा.